बोरीच्या घराला गाडी

ग्वांगसिकनं मालसुकताईंना आधी ऐकलं. पाहिलं त्यानंतर चार महिन्यांनी.

टॅक्सीवरचा त्याचा पहिलाच दिवस होता. ज्या सूतगिरणीत त्यानं वीस वर्षं काढली ती बंद पडली होती, आणि चाळिशी ओलांडलेला ग्वांगसिक पांढरी गाडी घेऊन मासळी बाजाराच्या मागं गिऱ्हाइकाची वाट पाहत थांबला होता. समोर बसवलेल्या वायरलेसमधून एका बाईचा आवाज आला, अगदी शेजारच्या सीटवर बसून बोलावं तसा.

“अठ्ठावीस, इंजिन बंद करा. तुमच्या मागच्या दुकानातलं बाळ आत्ताच झोपलंय.”

ग्वांगसिकनं दचकून आरशात पाहिलं, मग मान वाकडी करून वरच्या खिडक्यांकडं पाहिलं. कुणीच नव्हतं. त्यानं निमूट इंजिन बंद केलं.

“छान. आणि नवीन आहात म्हणून सांगते. दुपारी दीडला पोलीस ठाण्यासमोर उभे राहा. तिथले एक साहेब रोज बायकोला न सांगता आईकडं जेवायला जातात. जाताना काही विचारू नका, नुसतं चला.”

दीड वाजता साहेब आले, नुसता पत्ता सांगून मागं बसले, आणि ग्वांगसिकनं काही न विचारता गाडी काढली. गाडीत कॅमेरा लावलाय की काय, असं त्याला त्या रात्री अंथरुणात पडेपर्यंत वाटत होतं. गंमत एवढीच होती, की दुकानवाल्या बाईनं सरळ ‘शेजारी कॉल’ला, म्हणजे टॅक्सीवाल्यांच्या संघाच्या फोनसेवेला, फोन करून तक्रार केली होती. दालचॉन या छोट्याशा कोरियन गावात कुणाला टॅक्सीबद्दल काही म्हणायचं असेल तर लोक त्याच नंबरावर फोन करत. टॅक्सी हवी असेल तरी त्याच, बसचं वेळापत्रक हवं असेल तरी त्याच.

चार महिन्यांनी वर्गणी भरायला तो टायरच्या दुकानावरच्या खोलीत गेला तेव्हा त्याला त्या दिसल्या. बांधा लहान, केस कुरळे करून घेतलेले, त्यांवर काळा हेडफोन, पायांत घरातल्या चपला. खुर्चीवर दोन उशा, कारण टेबल उंच होतं. शेजारी सातूच्या चहाचा थर्मास. त्यांचं वय त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी जास्त असावं. त्याला पाहताच त्या म्हणाल्या, “अठ्ठावीस ना? आवाजावरून जाडा वाटला होतास.”

त्या दिवसापासून वायरलेसवर ‘तुम्ही’ आणि समोरासमोर ‘तू’, असा त्यांचा हिशेब ठरला. तो त्यांना ताई म्हणू लागला. सगळेच म्हणत.

टेबलावर एक वही होती. तिच्यात नावं नव्हती, घरं होती. ‘मोडक्या फाटकाचं घर. हॉर्न वाजवू नये, कुत्रा पिसाळतो.’ ‘देवळाखालचं घर. आजोबांना ऐकू येत नाही, दोनदा दिवा मारावा.’ ‘निळा पत्रा. सुनेशी भांडण असल्यास स्टेशन, नसल्यास बाजार.’ म्हातारी माणसं फोनवर नाव सांगतच नसत. “मी बोलतेय,” एवढं म्हणून ठेवून देत. मालसुकताई आवाज ओळखत, वही न उघडता वायरलेसवर घर सांगत, आणि जो जवळ असेल तो बटण दाबून आपला नंबर म्हणे.

बोरीचं घर होतं टेकडीच्या बाजूला, गल्लीच्या शेवटच्या वळणावर. अंगणात एक बोरीचं झाड, आणि त्या घरात एकट्या राहणाऱ्या आजी. शरद ऋतूत गाडीत बसताना त्या एप्रनच्या खिशात मूठभर लाल बोरं आणत आणि ड्रायव्हरच्या मांडीवर टाकत. त्या फारच थोडं बोलत. “मीच,” म्हणून फोन ठेवत. एकदा मालसुकताईंनी गमतीनं विचारलं, “मीच म्हणजे कोण, आजी?” तर पलीकडून रागावून, “म्हणजे मीच!”

पुढं आजींची मूत्रपिंडं निकामी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठला नदीपलीकडच्या इस्पितळात डायलिसिस. नगरपालिकेची खास गाडी त्यांना मिळेना, कारण त्यांना पायांनी चालता येत होतं. आठवड्यातून तीनदा पावणेआठला वायरलेसवर आवाज येई: “बोरीच्या घराला गाडी. जवळ कोण?” आणि दोघा-तिघांनी एकदम बटण दाबल्यानं खरखर होई. “भांडू नका रे,” ताई म्हणत, “म्हातारी एकच आहे.”

तेव्हा शेजारी कॉलच्या चौसष्ट गाड्या होत्या. मालसुकताई फार शिकलेल्या नव्हत्या, पण आपल्या कामाचं गणित त्यांना पक्कं ठाऊक होतं. गाडी पाच मिनिटांत आली की माणूस उद्या पुन्हा फोन करतो. दहा मिनिटांत आली तर कुरकुरतो, पण करतो. पंधरा मिनिटं लागली की मुलाला विचारतो, दुसरं काही आहे का रे. “गाड्या पंचेचाळीसच्या खाली गेल्या ना,” त्या एकदा ग्वांगसिकला म्हणाल्या होत्या, “की मी कितीही गोड बोलले तरी उपयोग नाही.” त्याला ते नीटसं कळलं नव्हतं. गाड्या कशाला खाली जातील?

मग जांभळं ॲप आलं.

ते आलं गॅस भरण्याच्या पंपावर, जिथं गावातले सगळे टॅक्सीवाले दिवसातून एकदा तरी येतात. जांभळी जाकिटं घातलेल्या दोन मुली हातमोजे आणि फोन अडकवायचे स्टँड फुकट वाटत होत्या. वर्षभर ॲपवाले ड्रायव्हरकडून कमिशन घेणार नव्हते. प्रवाशाला पहिल्या पाच फेऱ्या निम्म्या भाड्यात. पहिले दोन महिने ड्रायव्हरांनी हातमोजे घेतले आणि ॲप घेतलं नाही. पण नदीकाठच्या कॉलेजातल्या पोरांनी ॲप घेतलं, आणि मग कॉलेजच्या फाटकाशी रिकामं उभं राहणं ज्या ड्रायव्हरांच्या जिवावर आलं त्यांनीही घेतलं. डाव्या मांडीखाली, रुमालानं झाकून, दुसरा फोन वाजू लागला.

शेजारी कॉलचा नियम होता की दुसऱ्या कुणाचा कॉल घ्यायचा नाही. ग्वांगसिक तेव्हा संघाचा चिटणीस होता. गिरणी बंद पडताना त्यानं एक गोष्ट पाहिली होती: अर्धे लोक आधीच दुसरीकडं चिकटले आणि उरलेल्यांचा आवाज कुणी ऐकला नाही. ती सल त्याच्या मनात होती. सतरा जणांची नावं त्यानं स्वतः काढली, पंपावर उभं राहून, रुमाल उचलून.

मासिक बैठक नेहमीप्रमाणे डुकराच्या रश्शाच्या खाणावळीत भरली. वाडगी वाफाळत होती, सोजू दारूच्या हिरव्या बाटल्या उघडत होत्या, आणि ग्वांगसिक उभा राहून बोलत होता.

“सकाळी आमची, दुपारी त्यांची! ही काय धर्मशाळा आहे? आज सतरा आहेत, उद्या सत्तावीस होतील. नियम आहे तर आहे. काढा त्यांना.”

“काढा!” बारा नंबरचे म्हातारे ओरडले. त्यांना सगळ्याच बैठकांत काहीतरी ओरडायचं असे.

मालसुकताई संघाच्या सभासद नव्हत्या, पगारी होत्या. बैठकीला त्या कधी आल्या नव्हत्या. त्या दिवशी दाराशी चपला काढून आल्या आणि कोपऱ्यातून म्हणाल्या, “मला दोन मिनिटं बोलायचंय.”

“बोला ना ताई, आधी रस्सा घ्या.”

“रस्सा राहू दे. हे सतरा जण लबाड आहेत हे मला तुमच्या आधीपासून माहिताय. आवाजावरून कळतं. पण त्यांना काढू नका.”

“का?” ग्वांगसिक म्हणाला.

“कारण मला त्यांच्या मनातलं काही नकोय. मला रस्त्यावर गाडी पाहिजे. ते दिवसाला माझे पाच-सहा तरी फोन घेतात. ते कोण घेणार?”

“आम्ही घेऊ की.”

“तू नदीपलीकडं असलास तर?”

“ताई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“अरे, म्हातारी थंडीत उभी आहे. तिला तत्त्व नको, गाडी हवी.”

लोक हसले. त्यांनी ताईंना रश्शाचं वाडगं दिलं, मीठ घातलेली इवली कोळंबी पुढं सरकवली, आणि मग मतदान केलं. अडतीस हात वर झाले. ग्वांगसिकचा पहिला होता. सतरा गाड्यांतून वायरलेस काढून घेतले, आणि उरल्या सत्तेचाळीस. पंचेचाळीसपेक्षा दोन जास्त. त्याच आठवड्यात बारा नंबरच्या म्हाताऱ्यांनी परवाना परत केला आणि आणखी एकानं गाव सोडलं.

पुढचं सगळं हळूहळू झालं आणि कुणाच्याही दुष्टपणानं झालं नाही. हे ग्वांगसिकला नंतर सगळ्यांत जास्त टोचत राहिलं. पाचाची आठ मिनिटं झाली, आठाची बारा. बँकेतल्या बायका, दवाखान्यातल्या नर्सा, सलूनवाली, एकेक करून जांभळ्या ॲपवर गेल्या, कारण तिथं गाडी चार मिनिटांत येत होती. चार मिनिटांत येत होती, कारण शेजारी कॉलमधून काढलेल्या सतरा गाड्या तिथं होत्या. फोन कमी झाले, तसे उरलेले ड्रायव्हर पंपावर तासनतास बसू लागले, आणि बसून बसून तेही गेले. जाताना प्रत्येक जण ग्वांगसिकला तेच सांगे: “दादा, माझ्या एका गाडीनं काय होणार?”

मध्येच एक नारिंगी ॲपही आलं. त्यानं तांदळाची पोती वाटली. पण त्याच्याकडं गाड्या नव्हत्या म्हणून माणसं आली नाहीत, आणि माणसं नव्हती म्हणून गाड्या आल्या नाहीत. सहा महिन्यांत ते गेलं. तांदूळ चांगला होता. त्यानंतर जांभळ्या ॲपनं ड्रायव्हरांना फुकट ठेवणं बंद केलं. पण तोवर कुठं जायला जागा उरली नव्हती.

मालसुकताई फोनवर खोटं बोलू लागल्या. “निघाली, आजी. पाच मिनिटं,” म्हणत, आणि मग हेडफोनचं बटण दाबून वायरलेसवर, “कुणीतरी जा रे. मी पाच मिनिटं सांगितलीत.” आधी त्या विनंती करत नसत, नुसतं घर सांगत. गाड्या एकतीस झाल्या, मग पंचवीस.

ग्वांगसिक शेवटपर्यंत टिकला असं गावात म्हणतात. ते खरं नाही. गाड्या चोवीस झाल्या त्या आठवड्यात त्यानंही ॲप घेतलं. रोज संध्याकाळी त्याच्या चेहऱ्याकडं पाहून बायको तांदळाचा डबा उघडून किती उरलाय ते बघे, आणि ते त्याला सोसवेना. त्यानं दुसरा फोन डाव्या मांडीखाली ठेवला. रुमालानं झाकला. वायरलेस काढला नाही. संघाचा चिटणीस अजून तोच होता.

जानेवारीतला बुधवार होता. उणे अकरा. नदी काठाकाठानं गोठली होती. पावणेआठला तो टेकडीखालच्या रस्त्यावर होता. मांडीखालचा फोन वाजला: कॉलेजातली मुलगी, स्टेशनला, समोरच्याच कोपऱ्यावरून. त्यानं बोट टेकवलं. छतावर ‘आरक्षित’ असा दिवा लागला. मुलगी बसली, गळपट्टा सोडू लागली, आणि तेवढ्यात वायरलेस बोलला.

“बोरीच्या घराला गाडी. जवळ कोण?”

गल्लीचं तोंड त्याच्या डाव्या हाताला होतं. शेवटचं वळण तिथून तीनशे पावलांवर.

“बोरीच्या घराला गाडी.”

फेरी घेऊन सोडली तर ॲप अर्धा तास विचारत नाही. सकाळचा तो अर्धा तास म्हणजे निम्म्या दिवसाची कमाई. शिवाय मागं माणूस बसलेलं. त्यानं बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला नाही. म्हणणार काय? जवळ आहे पण रिकामा नाही? मग मागं कोण आहे, कुठून घेतलं, हे सगळं आलं. सतरा रुमाल उचललेला माणूस तो.

“अठ्ठावीस?”

नंबर घेऊन विचारायची त्यांची पद्धत नव्हती. एकोणीस वर्षांत कधीच नाही.

“काका, तुम्हाला बोलावतायत वाटतं,” मागची मुलगी म्हणाली.

“माहिताय,” ग्वांगसिक म्हणाला आणि आवाज बारीक करून त्यानं गाडी स्टेशनकडं काढली.

दुपारी वायरलेसवर शांतता असताना तो स्वतःहून बोलला. “ताई, अठ्ठावीस.”

“बोला.”

“सकाळी... गेलं का कुणी?”

“सदोतीस गेला. नदीपलीकडून आला बिचारा. पन्नास मिनिटं लागली.” मग त्या म्हणाल्या, “तुमच्या गाडीचा ठिपका पडद्यावर दिसत होता मला.”

वायरलेसला जोडून गाडीचा ठावठिकाणा दाखवणारी नवी पेटी बसवून सहा वर्षं झाली होती. ती बसवा असा ठराव त्यानंच मांडला होता.

“मागं कुणी होतं?”

“एक मुलगी. स्टेशनला जायचं होतं.”

“मग बरोबर आहे,” मालसुकताई म्हणाल्या. “मागं माणूस असताना कसं वळणार.”

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो वाट पाहत होता. पण त्यांनी पुढचं घर सांगितलं.

आजींची त्या दिवशीची वेळ हुकली. इस्पितळानं संध्याकाळी घेतलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा उशीर झाला, त्याच्या पुढच्या सोमवारी गाडी आलीच नाही. उल्सान शहराहून मुलगा आला, त्यानं दोन दिवस घरात राहून पाहिलं, आणि आजींना डायलिसिसची सोय असलेल्या वृद्धांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं, दालचॉनपासून दीडशे किलोमीटरवर. जाताना आजींनी शेजारी कॉलला फोन केला. “मीच,” म्हणाल्या. ताईंनी सवयीनं विचारलं, कुठं जायचंय. आजींनी फोन ठेवला.

फेब्रुवारीत एकवीस गाड्यांची बैठक झाली. खाणावळीत मोठं टेबल लागलं नाही. खोलीचं भाडं आणि ताईंचा पगार एकवीस वर्गण्यांतून निघत नव्हता. महिनाअखेर बंद करायचं ठरलं. ठराव ग्वांगसिकनं लिहिला, कारण चिटणीस तोच होता.

उरलेल्या अठरा दिवसांत मालसुकताईंनी वहीतल्या प्रत्येक घराला फोन केला. ग्वांगसिक मधे एकदा वर गेला तेव्हा त्या निळ्या पत्र्याशी बोलत होत्या.

“एक तारखेपासून मी उचलणार नाही, आजी. कुणीच उचलणार नाही. हो. म्हणून सांगते, फोनवर जांभळं चित्र असतं... नाही, सुनेला विचारा. बरं, भांडण झालंय का? मग नातवाला. बटण नाही, चित्र. दाबायचं नाही जोरात, नुसतं बोट... झाकणाचा फोन आहे? उघडायचा असतो तो?” त्यांनी डोळे मिटले. “असू द्या. असू द्या, आजी. जेवलात का?”

फोन ठेवून त्या ग्वांगसिककडं वळल्या. “एकशे चौदा घरं. नऊ जणांना जमलं.”

“ताई, ही वही ॲपवाल्यांना द्यायची का? त्यांना उपयोग होईल.”

“केला मी फोन. सोलमधल्या ऑफिसात एक मुलगा होता, फार गोड बोलला. म्हणाला, मॅडम, पत्ता असला की पुरे.”

“मग?”

“मग काय. पत्ता आहे ना सगळ्यांना.” त्यांनी थर्मासातला चहा झाकणात ओतून त्याच्यापुढं सरकवला. स्वतःसाठी उरला नाही.

तो बराच वेळ बसला. त्याला खाणावळीतल्या त्या संध्याकाळबद्दल बोलायचं होतं, वर गेलेल्या पहिल्या हाताबद्दल, आणि जानेवारीतल्या त्या बुधवारबद्दल. शेवटी एवढंच निघालं: “तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत.”

“हो,” ताई म्हणाल्या. “पण तू नसतास उभा राहिलास तरी तो नारिंगीवाला आला तसा दुसरा कुणी आला असता आणि ते सतरा जण आपणहून गेले असते. चार-पाच वर्षं उशिरा.” मग जरा विचार करून म्हणाल्या, “चार-पाच वर्षं बोरीच्या घराला पुरली असती.”

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. मुलानं उत्तरपत्रिका दाखवावी आणि बाईंनी चूक कुठं झाली ते सांगावं, तसं म्हणाल्या. ग्वांगसिकनं चहा संपवला, झाकण पुसून थर्मासावर लावलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला त्यांनी वायरलेसवर सगळ्यांचे नंबर एकेक करून घेतले, जे उत्तर देत होते त्यांचे आणि जे गेले होते त्यांचेही, एक ते चौसष्ट. सतरा जणांचेही घेतले. प्रत्येक नंबरानंतर उत्तरासाठी सारखाच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “जपून चालवा,” आणि बंद केलं.

वही त्यांनी ग्वांगसिकला दिली. ती त्याच्या गाडीत समोरच्या कप्प्यात आहे. सुरुवातीला तो फेरी नसेल तेव्हा मोडक्या फाटकावरून, देवळाखालून चक्कर मारे. पण ॲप एक माणूस उतरण्याआधीच पुढचा देतं, आणि छतावरचा ‘आरक्षित’ दिवा सहसा विझत नाही. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला भाजीच्या जुड्या घेऊन म्हाताऱ्या हात वर करून उभ्या असतात. रिकाम्या गाड्या त्यांच्यापुढून एकामागून एक जातात. आधी त्या चिडायच्या, गाडीच्या मागं ओरडायच्या. आता दिवा वाचून हात खाली घेतात. निळ्या पत्र्याच्या आजींनी एकदा ग्वांगसिकची गाडी ओळखली आणि हात वर केला. त्यानं मान झुकवून नमस्कार केला. त्यांनीही केला. मागं एक नर्स बसली होती.

बोरीच्या घराचं फाटक तारेनं बांधलेलं आहे. या वर्षी बोरं झाडावरच सुकली.

मालसुकताई आता गावाबाहेरच्या सफरचंदांच्या शेडमध्ये फळं निवडतात. आठ ते पाच. पट्ट्याच्या यंत्राचा आवाज फार असल्यामुळं तिथं सगळ्यांना कानांत बोळे घालावे लागतात. शेडपर्यंत बस जात नाही, म्हणून त्या सकाळी सव्वासातला घरून चालत निघतात.